तुमच्या नावानं मेल कोण पाठवतंय? डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावण्याची पूर्ण पद्धत

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचं संगणकाचं आणि ईमेलचं काम मी बघतो. त्यांच्या पुण्यातल्या ग्राहकाकडून एकदा फोन आला, "तुमचं बँक खातं बदललंय का? तसा मेल आलाय." मेल फाउंड्रीच्या अकाउंट्सच्या पत्त्यावरूनच आलेला दिसत होता. खाली सही, लोगो, जीएसटी क्रमांक, सगळं बरोबर होतं. फक्त तो मेल फाउंड्रीतून गेलाच नव्हता. पासवर्डही कुणी चोरला नव्हता, कारण चोरायची गरजच नव्हती. पलीकडच्या बाईंनी पैसे पाठवण्याआधी फोन केला म्हणून रक्कम वाचली.

तुमचं लेटरहेड कुठल्याही छापखान्यात कुणीही छापून घेऊ शकतो, तसंच हे आहे. ईमेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतो ते १९८२ साली लिहिले गेले, आणि पाठवणाऱ्यानं लिहिलेलं नाव खरं आहे का हे तपासायची सोय त्यांत नव्हती. ती नंतर तीन टप्प्यांत आली: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, काही ओळी भरून लागतात. ओळी भरायला अर्धा तास पुरतो. खरं काम त्याआधीचं आणि त्यानंतरचं आहे, म्हणून या लेखात मी तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

पाकीट आणि पत्र

प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. एक पाकिटावरचा. सर्व्हर एकमेकांशी बोलताना तो वापरतात आणि मेल पोचला नाही तर परतीचा निरोप त्याच पत्त्यावर येतो. हेडरमध्ये, म्हणजे मेलबरोबर जाणाऱ्या तांत्रिक नोंदींत, तो रिटर्न-पाथ म्हणून दिसतो. दुसरा आतल्या पत्रावरचा, म्हणजे 'फ्रॉम'. वाचणाऱ्याला सहसा हा एवढाच दिसतो. दोन्ही वेगळे असू शकतात, आणि बऱ्याचदा रास्त कारणानं असतात.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता बघतं: या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का? डीकेआयएम पत्रावर मोहोर उठवतं. मोहोर उठवणारी गुप्त किल्ली पाठवणाऱ्या सर्व्हरकडे राहते आणि ती तपासायची जाहीर किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये. वाटेत मजकूर बदलला तर मोहोर तुटते. डीमार्क या दोन्हींचे निकाल घेतं, ते 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतात का ते पाहतं, आणि जुळत नसतील तर मेलचं काय करायचं याबद्दल मालक म्हणून तुम्ही काय लिहून ठेवलंय ते वाचतं.

ही जुळणीच सगळ्याचा गाभा आहे. नुसतं एसपीएफ लावून थांबलात तर भामटा पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहितो, तपासणीत आरामात पास होतो आणि पत्रावर तुमचं नाव ठेवतो. फाउंड्रीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्यांच्या डोमेनला एसपीएफ होतं, डीमार्क नव्हतं.

फसवणुकीची भीती नसली तरी आता हे टाळून चालत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी, आणि मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं आपल्या आउटलुक-हॉटमेल खात्यांसाठी, मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. जीमेल आणि मायक्रोसॉफ्टच्या लेखी मोठं प्रमाण म्हणजे दिवसाला ५,००० मेल. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही जीमेलकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच. तुमची कोटेशनं ग्राहकाच्या स्पॅममध्ये जात असतील तर पहिला तपास इथेच करा.

आधी यादी

कागद घ्या आणि तुमच्या डोमेनच्या नावानं मेल कोणकोण पाठवतं ते लिहून काढा. लोक ही पायरी गाळतात आणि मग महिन्याभरानं पगाराच्या स्लिपा कुणालाच पोचत नाहीत. फाउंड्रीचे मालक ठामपणे म्हणाले होते, "आमचं सगळं गूगलवरच आहे." यादी पूर्ण झाली तेव्हा त्यात सहा नावं होती: गूगल वर्कस्पेस, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, बिलं पाठवणारं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, दिवाळीच्या शुभेच्छा आणि दरपत्रकं पाठवायची बल्क मेल सेवा, पगाराचं पोर्टल, आणि स्कॅन केलेला कागद थेट मेल करणारं झेरॉक्स मशीन. ते मशीन शेवटपर्यंत कुणाला आठवलं नव्हतं. अकाउंट्स, एचआर, विक्री आणि वेबसाइटवाला, या चौघांना वेगवेगळं विचारा. एकाला सगळं माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, डीएनएस नेमकं कुठे आहे ते शोधा. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडे आणि नेमसर्व्हर (डीएनएसची नोंदवही ठेवणारे सर्व्हर) तिसरीकडे, हे सर्रास असतं. डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये तुम्ही ओळी भरत बसता आणि त्या कुणीच वाचत नाही, कारण नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरसारख्या डीएनएस सांभाळणाऱ्या कंपनीकडे किंवा होस्टिंगवाल्याकडे वळवलेले असतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही आज्ञा टाइप-एनएस लावून चालवली की खरे नेमसर्व्हर दिसतात. ओळी तिथेच भरायच्या.

आणि लॉगिन कुणाकडे आहे? पुष्कळ लहान उद्योगांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असतं. तो मुलगा सज्जन असला तरी डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मेलवरच हवं. हे आधी करून घ्या, बाकीचं एक आठवडा थांबलं तरी चालेल.

एसपीएफ

या लेखात ओळी देवनागरीत दिल्या आहेत, फोनवर सांगाव्यात तशा. पॅनेलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत जायला हव्यात, आणि शक्य असेल तिथे तुमच्या मेल सेवेच्या मदत पानावरून जशाच्या तशा कॉपी करा. हातानं टाइप केलेली ओळ एका टिंबानं चुकते.

सगळा मेल गूगलवरून जात असेल तर ओळ अशी:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

रेकॉर्डचा, म्हणजे डीएनएसमधल्या नोंदीचा, प्रकार टीएक्सटी (साधा मजकूर). होस्टच्या रकान्यात @ हे चिन्ह, म्हणजे मूळ डोमेन. पहिला तुकडा सांगतो की ही एसपीएफची ओळ आहे, दुसरा सांगतो की गूगलच्या यादीतले सर्व्हर आमचेच समजा, तिसरा बाकी सगळ्यांबद्दल मत देतो. एखाद्या सर्व्हरचा ठरलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) असेल तर मधे 'आयपी४:' लिहून तो पत्ता जोडायचा.

एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच. गूगलची एक आणि बल्क मेल सेवेची दुसरी अशा दोन ओळी ठेवल्या तर तपासणारा सर्व्हर चूक समजून दोन्ही बाद करतो. नवी सेवा आली की तिचा इन्क्लूड जुन्या ओळीतच घालायचा. मी बघितलेल्या बिघडलेल्या डोमेनांत ही चूक सगळ्यात जास्त वेळा आढळली.

मग दहाची मर्यादा. ओळ तपासताना डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० वेळा शोध घेण्याची मुभा आहे. ओळीत इन्क्लूड, ए, एमएक्स, रीडायरेक्ट हे शब्द असतील तर ते मोजले जातात. आयपी पत्ते मोजले जात नाहीत. एका इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतील तर तेही मोजले जातात, त्यामुळे वरवर चार दिसणारे आत अकरा भरू शकतात. मर्यादा ओलांडली की पूर्ण ओळ निकामी होते. एसपीएफ तपासणारी फुकट संकेतस्थळं ही मोजणी करून देतात, ओळ भरल्यावर लगेच बघून घ्या.

जागा वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे नको ते इन्क्लूड काढणं. पुष्कळ बल्क मेल सेवा पाकिटावर स्वतःचंच डोमेन लिहितात. एसपीएफ त्या डोमेनवर तपासलं जातं, तुमच्या ओळीकडे कुणी बघतही नाही. अशा सेवेसाठी डीकेआयएम लावायचं, एसपीएफमध्ये गर्दी करायची नाही.

शेअर्ड होस्टिंगचा आयपी पत्ता ओळीत घालू नका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याच सर्व्हरवर इतर अनेक अनोळखी वेबसाइट असतात, आणि तो पत्ता घातला की त्यांतल्या कुणालाही तुमच्या नावानं पाठवायची वाट मोकळी होऊ शकते. वेबसाइटचा फॉर्म तुमच्या मुख्य मेल सेवेच्या एसएमटीपी लॉगिनमधून पाठवा. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगइन आहेत. झेरॉक्स मशीनलाही तीच वाट द्या.

शेवटी ~ऑल लिहायचं की -ऑल? पहिल्याचा अर्थ 'बाकीचे संशयास्पद', दुसऱ्याचा 'बाकीचे नाकारा'. दुसरं कडक वाटतं, पण काही सर्व्हर ते दिसताच डीकेआयएम बघायच्या आधीच मेल फेटाळतात, आणि पुढे ढकललेला (फॉरवर्ड केलेला) खरा मेलही त्यात जातो. डीमार्क लावणार असाल तर ~ऑल ठेवा, कडकपणा डीमार्ककडे सोपवा. +ऑल कधीही नको, त्याचा अर्थ जगातल्या कुणालाही परवानगी.

डीकेआयएम

माझ्या मते तिघांत सर्वांत भरवशाचं हेच. मेल पुढे ढकलला गेला की एसपीएफ तुटतं, कारण पाठवणारा सर्व्हर बदलतो. मोहोर मात्र मजकुराबरोबर प्रवास करते.

गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल आणि तिथे 'ऑथेंटिकेट ईमेल' असं जा. नवी किल्ली तयार करताना २०४८ बिटांची निवडा. मग दोन गोष्टी मिळतात: होस्टचं नाव, गूगल._डोमेनकी, आणि एक लांबलचक मूल्य. दोन्ही टीएक्सटी रेकॉर्डमध्ये भरा. नावातला पहिला शब्द म्हणजे सिलेक्टर. एका डोमेनच्या अनेक किल्ल्या असू शकतात, त्यांतली कुठली बघायची हे तो सांगतो. म्हणून डीकेआयएमच्या ओळी हव्या तेवढ्या चालतात, प्रत्येक सेवेची वेगळी.

रेकॉर्ड पसरायला गूगल ४८ तासांपर्यंतचा अवधी सांगतं, प्रत्यक्षात बहुधा तासाभरात होतं. त्यानंतर त्याच पानावर परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं. हे बटण दाबायचं राहून गेलेली डोमेनं मी वर्षानुवर्षं तशीच पडलेली पाहिली आहेत. किल्ली डीएनएसमध्ये, मोहोर एकाही मेलवर नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये टीएक्सटीऐवजी दोन सीनेम रेकॉर्ड (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) भरावे लागतात, सिलेक्टर१ आणि सिलेक्टर२ या नावांनी, आणि नंतर डिफेंडर पोर्टलमध्ये डीकेआयएम चालू करावं लागतं. क्लाउडफ्लेअरवर असे सीनेम भरताना प्रॉक्सीचा नारिंगी ढग बंद करून करडा ठेवा, नाहीतर तपासणी कधीच पूर्ण होणार नाही.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली, काही पॅनेल होस्टच्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव भरलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड भलत्याच जागी तयार होतं. दुसरी, टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरांपर्यंतच मजकूर मावतो आणि २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. चांगली पॅनेल ती स्वतः तोडून ठेवतात. तुमचं तोडत नसेल तर दुहेरी अवतरणांत दोन तुकडे करून, मधे एक जागा सोडून भरा. किल्लीच्या पोटात रिकामी जागा किंवा नवी ओळ घुसू देऊ नका.

किल्ली मोठी का हवी याचा एक खरा दाखला आहे. डिसेंबर २०११ मध्ये झॅकरी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञाला नोकरीबाबत गूगलकडून मेल आला. त्याची मोहोर ५१२ बिटांच्याच किल्लीची आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं भाड्याच्या क्लाउड संगणकांवर ती किल्ली फोडली आणि गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांना एकमेकांच्या नावानं मेल पाठवला. दोन दिवसांत गूगलनं किल्ली बदलली. आज १०२४ ही किमान मर्यादा आहे आणि २०४८ ची शिफारस. जुनं होस्टिंग १०२४ च्या वर जाऊ देत नसेल तर मेल तिथून हलवायचा विचार करा.

यादीतल्या प्रत्येक सेवेसाठी हेच पुन्हा करा. सेवेच्या सेटिंगमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' किंवा 'व्हेरिफाय डोमेन' अशा नावाखाली ती आपले रेकॉर्ड देते. ज्या सेवेत तुमच्या डोमेनचं डीकेआयएम लावायची सोयच नाही, तिला मुख्य डोमेनवरून पाठवू देऊ नका.

पास झालं, पण कुणाच्या नावानं?

प्रत्येक सेवेतून एखाद्या साध्या जीमेल पत्त्यावर एकेक मेल पाठवा. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर 'मूळ दाखवा' निवडा. वर तिन्हींचे निकाल दिसतात. नुसतं 'पास' वाचून समाधान मानू नका. शेजारी कुठलं डोमेन लिहिलंय ते बघा. वर्कस्पेसवर तुमचं डीकेआयएम लावलेलं नसलं तरी गूगल मेलवर स्वतःची मोहोर उठवतं, आणि त्या डोमेनच्या शेवटी जीॲप्सएसएमटीपी.कॉम असं असतं. तो पास खरा असतो, पण तो तुमच्या नावाचा नसतो, त्यामुळे डीमार्कच्या उपयोगाचा नाही. डीमार्कला दोन्हींपैकी एकाची जुळणी पुरते. डीकेआयएमची जुळवून ठेवली की निर्धास्त राहता येतं.

डीमार्क

एसपीएफ आणि डीकेआयएम नीट चालू होऊन दोन दिवस झाले की ही ओळ. होस्ट _डीमार्क, प्रकार टीएक्सटी, मूल्य:

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:अहवाल@तुमचंडोमेन.इन

इथे 'डीमार्क१' मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचं. पी म्हणजे धोरण, नन म्हणजे सध्या काहीच करू नका, फक्त कळवा. आरयूए हा अहवाल येण्याचा पत्ता. स्वतःच्या रोजच्या इनबॉक्सचा देऊ नका, वेगळी पेटी करा. अहवाल वाचून देणाऱ्या सेवेचा पत्ता देत असाल तर तो दुसऱ्या डोमेनवरचा असतो, आणि त्या डोमेननं 'यांचे अहवाल मी स्वीकारतो' असं स्वतःच्या डीएनएसमध्ये लिहिलेलं असावं लागतं. चांगल्या सेवा ते आपोआप करतात. स्वतःच्याच दुसऱ्या डोमेनवर अहवाल मागवणारे मात्र इथे अडकतात आणि अहवाल येत का नाहीत म्हणून शोधत बसतात.

अहवाल दिवसाआड नाही, साधारण रोज येतात, दाबलेल्या एक्सएमएल फायलींच्या रूपात. डोळ्यांनी वाचणं कठीण आहे, फुकट वाचक साधन वापरा. प्रत्येक नोंदीत पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, मेलची संख्या, आणि एसपीएफ-डीकेआयएमचा निकाल असतो. मजकूर नसतो, त्यामुळे गोपनीयतेची चिंता नको. नोंदी तीन ढिगांत टाका. आपले आणि जुळणारे, आपले पण न जुळणारे, आणि अनोळखी. दुसरा ढीग रिकामा होईपर्यंत पुढे जायचं नाही. तिसऱ्या ढिगात भामटे असतात, पण पुढे ढकललेले खरे मेलही असतात, म्हणून घाबरून जाऊ नका. अनोळखी आयपी कुणाचा ते शोधलं की अनेकदा यादीतून सुटलेली सेवा सापडते. पगाराचं पोर्टल दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीमार्फत मेल पाठवतं, हे आम्हाला असंच कळलं.

किती दिवस थांबायचं? किमान एक पूर्ण महिना, आणि त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. बिलं, पगार, थकबाकीच्या आठवणी तेव्हाच जातात. वर्षातून एकदाच पाठवल्या जाणाऱ्या मेलचा विचार वेगळा करा.

नंतर पी=क्वारंटाइन करा, म्हणजे न जुळणारे मेल स्पॅममध्ये जातील. दोन-तीन आठवडे अहवाल पाहा, तक्रार नसेल तर पी=रिजेक्ट. बरेच जण ननवर थांबतात आणि डीमार्क लावलं म्हणून निश्चिंत होतात. मोठ्या मेल सेवांची अट त्यानं पूर्ण होते खरी, पण फाउंड्रीच्या नावानं आलेला तो मेल ननवर तसाच इनबॉक्समध्ये पोचला असता.

घाई मात्र नको. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या डोमेनला एकदम रिजेक्ट लावलं, आणि जगभरातल्या मेलिंग लिस्टवर याहूच्या सभासदांचे खरे मेल फेटाळले जाऊ लागले, कारण लिस्टचं सॉफ्टवेअर विषयात नाव किंवा तळाशी ओळ जोडतं आणि मोहोर तुटते. तुमचे लोक अशा याद्यांवर लिहीत असतील तर त्यासाठी वेगळा पत्ता द्या.

रिकामी डोमेनं

डॉट इनबरोबर डॉट कॉमही घेऊन ठेवलंय आणि त्यावरून मेल जातच नाही? भामट्याला तेच आवडतं. तिथे एसपीएफची ओळ 'व्ही=एसपीएफ१ -ऑल' एवढीच, आणि डीमार्क पहिल्या दिवसापासून पी=रिजेक्ट. इथे -ऑलच योग्य, कारण वाचवायचा खरा मेलच नाही. डॉट भारत शेपटीचं देवनागरी डोमेन असेल तर अनेक पॅनेल देवनागरी नाव घेत नाहीत. त्यांना एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं सांकेतिक रूप द्यावं लागतं. रेकॉर्ड बाकी तेच.

हे सगळं करूनही काय उरतं ते मी प्रत्येक ग्राहकाला स्पष्ट सांगतो. तुमच्या नावात एक अक्षर बदलून कुणी नवं डोमेन घेतलं तर त्याचं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास होईल. कुणाचा पासवर्ड गेला तर मेल खरोखर तुमच्याच सर्व्हरवरून जाईल आणि मोहोरही खरी असेल. म्हणून सर्व खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. फाउंड्रीच्या प्रत्येक बिलावर आता एक ओळ छापलेली असते: 'आमचे बँक खाते बदलल्याचा मेल आल्यास आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.' आणि डोमेनची मुदत, लॉगिन, नेमसर्व्हर, सहा सेवांची यादी आणि त्यांचे सिलेक्टर लिहिलेला कागद जीएसटीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये लावलेला आहे. सातवी सेवा घेताना अकाउंट्सवाले आधी तो कागद काढतात.